घरी ब्रेकचे पॅड आणि डिस्क बदलताना: निम्मं काम हब घासण्यात आहे

कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं, तर पुढच्या डिस्ककडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीकडे, बघायची वेळ झाली आहे. दुसरी खूण म्हणजे चाकातून येणारी बारीक शीळ. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते पॅड. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड फार झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडून सांगते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर येत असेल, तर मात्र गाडी घराबाहेर काढू नका.

पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क घरी बदलता येतात. पूर्ण सकाळ हाताशी ठेवा आणि घाई करू नका. मागची डिस्क, त्यातही इलेक्ट्रिक हँडब्रेकची, मेकॅनिककडेच द्या. तिथला पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) जोर लावून मागे ढकलला तर आतली यंत्रणा तुटते. ब्रेक ऑइल कुठून गळत असेल, तरी हे काम घरचं राहत नाही.

जागा सिमेंटची हवी. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक तिरपा होत खाली जातो, आणि मे महिन्यात तापलेल्या डांबरातही रुततो. उन्हाळ्यात सहाला सुरू करा, दहाच्या आत आवरा. जॅकखेरीज एक घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लागतेच, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नसतो. शिवाय रिंग पाने, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), मोठा सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा आणि रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस आणून ठेवा. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. ती फुप्फुसात जाते. रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा.

पॅड आणि डिस्क दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पण एका वेळी एकच चाक उघडा. काही विसरलं तर दुसऱ्या बाजूला बघून घेता येतं.

गाडी पहिल्या गेअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावा, घोडी ठेवा, चाक काढा आणि बोल्ट नीट दिसतील अशा बाजूला स्टिअरिंग वळवा. पिस्टन ज्यात असतो आणि जो डिस्कवर चिमट्यासारखा बसतो, तो कॅलिपर. त्याच्या मागे सरकत्या पिनांचे दोन बोल्ट असतात. ते काढले की कॅलिपर सुटतो. तो रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका. नळी आतून फाटली तर बाहेरून काही दिसत नाही. तारेने चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा.

जुने पॅड टाकण्याआधी हातात घेऊन बघा. आतला पॅड पार झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर सरकत्या पिना अडकल्या आहेत. आमच्या भागातली धूळ आणि चिखल पिनेच्या फाटक्या रबरातून आत शिरतो आणि तिथेच घट्ट बसतो. अशा पिना तशाच ठेवून नवे पॅड घातले, तर तेही तसेच वाकडे झिजतील. दोन्ही पिना ओढून काढा, पुसा, गंज घासून काढा आणि ब्रेकचं ग्रीस पातळ लावून बोटाने सहज सरकतात का पाहा. चाकाचं साधं ग्रीस इथे लावू नका, त्याने रबर फुगतं.

आता ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो त्या चौकटीचे, दोन मोठे बोल्ट काढा. ते फार घट्ट असतात, त्यामुळे लांब दांड्याचा पाना लागतो. डिस्क गंजून हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला) चिकटली असेल, तर तिच्या तोंडावरची दोन आट्यांची भोकं शोधा. बऱ्याच गाड्यांना ती असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क आपोआप बाहेर येते. जुन्या डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क घासून पुन्हा वापरायची नाही.

आता हब. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा हबवर नुसता कपडा फिरवला आणि नवी डिस्क चढवली. तिसऱ्या दिवशी घाटात स्टिअरिंग पुन्हा थरथरलं. डिस्क नवी होती, पॅड नवे होते. सगळं पुन्हा उघडलं, तर हबच्या तोंडावर गंजाचा नखाएवढा पापुद्रा उभा होता. हबजवळ केसाएवढा उंचवटा असला, तरी डिस्कच्या कडेला तो कितीतरी मोठा होतो. बऱ्याच गाड्यांना तिथे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग चालत नाही. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब सगळीकडे सारखा चकाकेपर्यंत घासा. बोट फिरवल्यावर काही लागता कामा नये. या कामात अर्धा तास गेला तरी चालेल.

नव्या डिस्कवर गंज टाळायला तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुऊन काढा आणि मग डिस्कच्या पृष्ठभागाला हात लावू नका. डिस्क बसवून दोन नटांनी हबला दाबून ठेवा आणि ब्रॅकेट परत लावा.

नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे न्यावा लागतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. पातळी वर असेल तर थोडं ऑइल काढून घ्या. ते रंग खातं, त्यामुळे शेजारी कपडा ठेवा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प अगदी हळू आवळा. पिस्टन जात नसेल किंवा त्याचं रबर फाटलं असेल, तर तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवा.

जिभेचा पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला असतो, पण जुना कसा होता ते बघून बसवा. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा.

यानंतरची पायरी चुकली तर अपघात होतो. मला गॅरेजवाल्या काकांनी ती आमच्या अहिराणीत शिकवली: "पहिले पायडल दाब, मंग गाडी काढ." पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल सरळ तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. दोन्ही चाकं पूर्ण झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत हळूहळू दाबा. कडक होतच नसेल किंवा स्पंजसारखं लागत असेल, तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी बाहेर न्यायची नाही. शेवटी ऑइलची पातळी बघून झाकण लावा. ऑइल दोन वर्षांचं झालं असेल तर तेही बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरड्या डॉट-३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उकळबिंदू निदान २०५ अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. लांब घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, असं आठ-दहा वेळा करा. मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्या. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहू नका. थोडा वास येईल, तो चालतो. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर धुळ्याजवळचा लळिंग किंवा कन्नड घाट टाळता आला तर टाळा. शंभर किलोमीटर झाले की टॉर्क रेंच घेऊन चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.