फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर पाठ दुखत असेल तर घरी काय करावं

आईला क्षय झाला होता. उजव्या बाजूला पू साठला आणि फुप्फुसावर जाड सालीसारखा थर बसला. तो सोलून काढायला छाती उघडावी लागली. या ऑपरेशनला डिकॉर्टिकेशन म्हणतात. टाके दुखणार हे आम्ही धरून चाललो होतो. पण घरी आल्यावर ती टाक्यांपेक्षा पाठीनं बेजार झाली. खांद्याचं पातं आणि मणका यांच्या मधोमध बोट टेकवून म्हणायची, "इथं कुणी खुंटी ठोकलीय बघ." शेजारच्या काकू म्हणाल्या, उसण भरली असेल, तेल लावून चोळा. आम्ही चोळणारही होतो. बरं झालं, आधी फिजिओथेरपीच्या मॅडमना विचारलं.

तेव्हा समजलेलं आणि पुढचे दोन-तीन महिने आईसोबत रोज करून बघितलेलं इथं लिहिते आहे. ऑपरेशन गाठीचं असो, पुवाचं असो, छाती उघडून केलेलं असो की दुर्बिणीनं, बहुतेक गोष्टी सगळ्यांना लागू पडतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी पाठ का दुखते ते समजून घ्या

छाती उघडताना पेशंटला चांगल्या कुशीवर झोपवतात, वरचा हात डोक्याकडे नेऊन बांधतात आणि टेबल मधोमध वाकवतात, म्हणजे बरगड्यांमधली फट रुंद होते. त्या अवस्थेत काही तास जातात. पाठीचा मोठा स्नायू बऱ्याचदा कापावा लागतो. बरगड्या यंत्रानं फाकवतात. त्यांची मागची टोकं मणक्याला सांध्यांनी जोडलेली असल्यानं ताण थेट तिथं बसतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक नस जाते, तीही दबते. म्हणून आग पाठीतून निघून पट्ट्यासारखी छातीखालपर्यंत येते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कापाकापी कमी होते, पण नळ्या बरगड्यांमधूनच जात असल्यानं नसेचं दुखणं तिथंही होऊ शकतं.

पहिल्या काही दिवसांत त्याच बाजूचा खांदा ठणकतो. तो बहुधा श्वासपटलाच्या नसेमुळे ठणकतो आणि हळूहळू ओसरतो.

खरी भर पडते ती घरी. दुखतं म्हणून माणूस ती बाजू आखडून, खांदा पुढे पाडून, एका अंगावर कलून बसतो. आठवडाभर असं बसलं की चांगले स्नायूही आवळतात. आईचं निम्मं दुखणं हे होतं, असं आता माझं ठाम मत आहे.

दुखण्याची वही ठेवा

रोज सकाळ-संध्याकाळ लिहा: कुठं दुखतं, कसं दुखतं, शून्य ते दहामध्ये किती, आणि कशानं वाढलं. ठणक, ओढ, चमक हे बहुधा स्नायू-सांध्यांचं असतं. आग, मुंग्या, बधिरपणा, ब्लाउज नुसता टेकला तरी सहन न होणं हे नसेचं. दोन्हींची औषधं वेगळी असतात, म्हणून डॉक्टरांना "पाठ दुखते" एवढंच सांगून भागत नाही.

गोळी घड्याळावर घ्या

या बाबतीत आमच्याकडे सर्वांत मोठी चूक झाली. आई सोसणारी बाई. "आत्ता बरं वाटतंय, कशाला उगाच गोळी" म्हणून दुपारची गोळी टाळायची आणि संध्याकाळी दुखणं सातवर गेल्यावर मागायची. तोवर ती खोकायची बंद झालेली असे, श्वास उथळ झालेला असे. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसानं दुखणं सोसणं धोक्याचं आहे. खोल श्वास घेतला नाही, कफ सुटला नाही की न्यूमोनियाला वाट मिळते. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच गोळी द्या आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ त्यांच्याकडूनच बसवून घ्या.

क्षयाची औषधं चालू असतील तर ते प्रत्येक डॉक्टरांना आठवणीनं सांगा. त्या गोळ्यांचा यकृतावर भार असतो आणि काही वेदनाशामकांचा परिणाम त्यांच्यामुळे कमी होतो. दुकानातून मनानं आणखी एखादी दुखण्याची गोळी जोडू नका. सर्दी-तापाच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, नकळत डोस दुप्पट होतो. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर सुजेवरच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोतच.

जोरदार वेदनाशामकांनी पोट बांधलं जातं, आणि कुंथलं की पाठीत कळ जाते. पाणी, भाजी, फळं आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

झोपणं आणि उठणं

सपाट झोपवू नका. पाठीमागे लोड आणि दोन उशा लावून अर्धवट टेकून झोपवा, गुडघ्यांखाली एक उशी द्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात लोंबकळत ठेवू नका, दंडाखाली छोटी उशी सरकवा. आईला रात्रीची झोप या एका उशीनं मिळाली.

उठताना कुणी हात धरून ओढायचं नाही. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं आणि ती कळवळली. बरोबर पद्धत अशी: गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकत्र ठेवून ओंडक्यासारखं चांगल्या कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं रेटा देऊन वर यायचं. पाय खाली जातात तसं धड आपोआप उचललं जातं. काठावर मिनिटभर बसू द्या, चक्कर नाही ना बघा, मगच उभं करा. जमिनीवरची गादी काही आठवडे विसरा.

खोकताना टॉवेल

आंघोळीच्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती टाक्यांच्या बाजूला हातानं दाबून धरायची, थोडं पुढं झुकायचं आणि मग खोकायचं. बरगड्या हलत नाहीत, पाठीतली चमक बरीच कमी होते. आई तो टॉवेल घेऊन घरभर हिंडायची. शिंक येतेय म्हटलं की आधी हात टॉवेलकडे.

खोल श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं यंत्र दवाखान्यातून मिळतं. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आई दोन दिवस फुगा फुगवल्यासारखी फुंकत होती आणि चेंडू हलत नाहीत म्हणून रडवेली झाली होती. श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा आणि चेंडू वर आहे तोवर दोन-तीन सेकंद थांबा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मधे दम खात. ताठ बसूनच करा. पोक काढून बसलं तर पाठही दुखते आणि चेंडूही उठत नाही.

खांदा आणि पाठ मोकळी करणं

डॉक्टरांची परवानगी मिळाली की हे दिवसातून तीन-चार वेळा, पाच-सहा मिनिटं. खुर्चीत ताठ बसून खांदे कानांकडे उचलायचे आणि सोडायचे. मग दोन्ही पाती मागे एकमेकांजवळ आणायची, पाच मोजायचे, सोडायचं. मग भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. आम्ही भिंतीवर रोज पेन्सिलची खूण करायचो. पहिल्या दिवशी खूण खांद्याच्याही खाली होती, तीन आठवड्यांनी कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली. ओढ जाणवेपर्यंत जायचं, कळ आली की थांबायचं.

चालणं सोडू नका. घरातल्या घरात दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं चालणं हे एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा पाठीला मानवतं.

शेक, तेल आणि घरची कामं

जखमेपासून दूर, आवळलेल्या स्नायूंवर पंधरा मिनिटं कोमट शेक चालतो. पण टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते. तिथं पिशवी कढत असली तरी कळत नाही आणि फोड येतो. आधी आपल्या मनगटावर तपासा, मध्ये कापड घाला. जखमेवर हळद, तेल, बाम काही नको. जोरात रगडणं तर मुळीच नको.

छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा किलोंची असते, ओली चादरही हलकी नसते. नातवाला कडेवर घेणं आईला सर्वांत जड गेलं नाकारताना. तो बसलेल्या आजीच्या मांडीवर चढायचा, असा तोडगा निघाला. भारतीय बैठकीच्या संडासावर खुर्ची ठेवा. दुचाकी आणि खड्ड्यांतला एसटीचा प्रवास टाळा. कपडे पुढून उघडणारे, सैल असावेत.

ताबडतोब डॉक्टर गाठा

एकाएकी दम लागला, छातीत नवी तीव्र कळ आली, खोकल्यातून ताजं रक्त पडलं, तर थांबू नका, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, १०० च्या वर ताप, जखमेतून पू, किंवा कातडी दाबल्यावर कुरमुऱ्यांसारखी कुरकुरली तर त्याच दिवशी दाखवा. पायांत नवी अशक्ती, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं याला तर तासाचाही उशीर चालत नाही.

आणखी एक. दुखणं नेमकं मणक्यावर असेल, रात्री वाढत असेल, पडून राहूनही कमी होत नसेल, तर ते ऑपरेशनचं आहे असं घरच्या घरी ठरवू नका. क्षय मणक्यात जातो, कॅन्सरही जातो. एक्स-रे किंवा एमआरआय लागेल का, हे स्पष्ट विचारा.

दोन-तीन महिने उलटूनही पाठीतली आग, बधिरपणा राहिला तर "आता असंच चालायचं" असं म्हणून गप्प बसू नका. ऑपरेशननंतर रेंगाळणारं नसेचं दुखणं हा ओळखीचा आजार आहे. त्यावर नसेच्या वेगळ्या गोळ्या, बधिर करणाऱ्या पट्ट्या, नसेजवळचं इंजेक्शन असे उपाय आहेत. वेदनांवर उपचार करणारे वेगळे डॉक्टर मोठ्या रुग्णालयांत असतात. जाताना ती वही बरोबर न्या. आईच्या वहीतलं "पदर टेकला तरी भाजतं" हे एक वाक्य वाचून डॉक्टरांनी गोळी बदलली होती.