पाहून झालेले चित्रपट हार्ड डिस्कवर ठेवावेत का?

८ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ७.२७ टेराबाइट दिसते, कारण उत्पादक १०००च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या. म्हणून जागेचा हिशेब दिसणाऱ्या आकड्यावरूनच करावा. पाहून झालेल्या फाइली प्रथम आकारानुसार लावाव्यात आणि जे पुन्हा सहज मिळेल ते निःशंकपणे पुसावे. ‘पुन्हा कधीतरी पाहू’ म्हणून ठेवलेले बहुतेक पडूनच राहते, असा माझा तरी अनुभव आहे. घरगुती चित्रफिती, दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आणि स्वतः तयार केलेली उपशीर्षके मात्र दोन स्वतंत्र डिस्कवर राखावीत, कारण डिस्क जितकी मोठी, तितके ती बंद पडल्यावर एकदम गमवावे लागणारे अधिक. निर्णय होत नसेल, तर फाइल एच.२६५ या कमी जागा घेणाऱ्या चित्रफीत-स्वरूपात रूपांतरित करून आकार घटवता येतो. परंतु मूळ प्रत पुसण्यापूर्वी नवी प्रत शेवटपर्यंत चालवून पाहावी.