स्लाइडला आवाज देताना: पॉवरपॉइंटमधून प्रशिक्षणाचा व्हिडिओ

वर्गात चाललेली स्लाइड व्हिडिओत जशीच्या तशी चालत नाही. वर्गात शिकवणारा समोर असतो, व्हिडिओत बघायला फक्त स्लाइड. तिच्यावर आठ मुद्दे असतील तर बघणारा ते भराभर वाचून मोकळा होतो आणि आवाज अजून दुसऱ्याच मुद्द्यावर असतो. म्हणून आधी संहिता लिहा, स्लाइडला नंतर हात लावा.

संहितेला दोन रकाने करा: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे नेमकं काय बोलायचं. सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातही अशाच तक्त्यात संहिता लिहितात. शिकवताना मिनिटाला १०० ते ११० शब्द पुरेत, म्हणजे सहा मिनिटांना साडेसहाशेच्या आसपास.

समजा, स्लाइडवर ‘अग्निशामक उपकरण हाताळण्याची कार्यपद्धती’ असं शीर्षक आणि खाली चार ओळी आहेत. तिच्या चार स्लाइड करा, प्रत्येकीवर एक मोठा फोटो आणि तीन-चार शब्द. आवाजात: ‘आधी पिन ओढा. नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, ज्वाळांवर नाही. आता दांडा दाबा. नळी डावीकडून उजवीकडे फिरवत राहा.’ संहिता एकदा मोठ्याने वाचा; जीभ अडखळेल ते वाक्य तोडा.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला की प, फ, भ म्हणताना फुंकर आदळते. पंखा बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा.

आता पॉवरपॉइंटमधलं ‘रेकॉर्ड स्लाइड शो’ उघडा, म्हणजे स्लाइड चालवत आवाज रेकॉर्ड करता येतो. सर्वाधिक चुका इथेच होतात. एक स्लाइड जाऊन दुसरी येत असताना पॉवरपॉइंट आवाज टिपत नाही, त्यामुळे बोलता बोलता पुढे गेलात की वाक्याचं शेपूट किंवा पुढचा पहिला शब्द कापला जातो. वाक्य पूर्ण करा, सेकंदभर थांबा, क्लिक करा, पुन्हा सेकंदभर थांबून बोला. आवाज प्रत्येक स्लाइडचा वेगळा साठतो. सातव्या स्लाइडवर चुकलात तर तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करा. फक्त ती संपताच रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर आठवीवरचा चांगला आवाज पुसला जाईल. तुकडे शक्यतो एकाच दिवशी, त्याच जागी बसून करा. दुसऱ्या दिवशीचा आवाज वेगळा येतो आणि तो जोड कानाला कळतो.

व्हिडिओ काढायला ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’. ‘यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स’ निवडलेलं आहे ना, ते आधी बघा. नसेल तर प्रत्येक स्लाइड ठरावीक पाच सेकंद दिसून जाते आणि आवाज येतच नाही. चित्राच्या दर्जासाठी १०८०पी (फुल एचडी) पुरेसं आहे. त्याहून वरच्या फोरकेने फाइल फुगते, अक्षरं काही सुधारत नाहीत. ज्या संगणकावर स्लाइड बनल्या त्यावरूनच एक्स्पोर्ट करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मराठी मजकूर दुसरीकडे नेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.

आधी तीनच स्लाइडचा व्हिडिओ काढून साध्या मोबाइलवर, इअरफोन न लावता बघा. अक्षर वाचायला डोळे बारीक करावे लागले तर अक्षरांचा आकार वाढवा; ३२ पॉइंटच्या खाली जाऊ नका. मूळ फाइल आवाजासकट जपा: नियम किंवा यंत्र बदललं की तेवढीच स्लाइड नव्याने बोलून व्हिडिओ पुन्हा काढता येतो.