आपल्या केसाची आणि कातडीची जाण असलेला हेअर ट्रान्सप्लांट सर्जन कसा निवडाल?

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातला माणूस हेअर ट्रान्सप्लांटचा विचार करू लागला की मोबाईलवर आधी तुर्कस्तान-युरोपचे फोटो येतात. गोरी कातडी, पिंगट बारीक केस. त्यांवरून सर्जन ठरवू नका. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे, सरळ किंवा थोडे वळणाचे असतात आणि कातडी गव्हाळ ते सावळी. सावळ्या डोक्यावर काळा केस असला की मधली कातडी तितकी उठून दिसत नाही. केस जाड असेल तर थोड्या ग्राफ्टमध्येही (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढलेला एक-दोन-तीन केसांचा तुकडा) भरगच्चपणा येतो. पण तोच जाड काळा केस कपाळाच्या कडेला दोन-तीनच्या पुंजक्याने बसवला, तर बाहुलीच्या डोक्यासारखा दिसतो. शिवाय सावळ्या कातडीवर जखमेची खूण काळपट पडते किंवा पांढरे ठिपके राहतात. हे रोज हाताळणारा सर्जन आपल्याला हवा.

आधी स्वतःची कातडी तपासा. दंडावरची बीसीजीची खूण, कान टोचलेली जागा, छातीवरचे मुरुमांचे डाग आणि जुन्या टाक्यांचे व्रण पाहा. एखादा व्रण जखमेच्या हद्दीबाहेर वाढलेला, फुगलेला, खाजणारा असेल तर तो केलॉइड असू शकतो. डोक्यावर केलॉइड होण्याचं प्रमाण छाती-खांद्यापेक्षा कमी आहे, तरी हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा. जाणकार सर्जन अशा वेळी थोडेच ग्राफ्ट काढून चाचणी करतो आणि काही महिने थांबून व्रण कसा भरतो ते पाहतो. ‘काही होत नाही, उद्याच या’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

मग पदवी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरने करायचं. प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोग या शाखांमध्ये ते अभ्यासक्रमातच मिळतं. व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेत बसून आलेलं ज्ञान पुरत नाही. म्हणून पाटीवर ‘हेअर एक्स्पर्ट’ लिहिलंय की नाही हे पाहू नका. पाटीवरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव आणि पदवी ताडून पाहा. मिरजेला दवाखान्यांची मोठी परंपरा आहे, कराड-साताऱ्यातही त्वचारोगतज्ज्ञ आहेत. नुसतं निदान करून घ्यायला पुण्याला धावायची गरज नाही.

निदान मात्र टाळू नका. डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, डोकं न पाहता ग्राफ्टचा आकडा सांगणारा सर्जन नको. चाई असेल, किंवा लायकन प्लॅनोपायलॅरिससारखा केसांची मुळं जाळणारा आजार सक्रिय असेल, तर लावलेले केसही जातात. असा आजार नाही याची खात्री झाल्यावरच पुढचं बोलायचं. पंचविशीच्या आतल्या मुलाला तर चांगला सर्जन बहुधा आधी औषधांवर ठेवतो. टक्कल अजून कुठवर जाणार हे कळलेलं नसताना पुढची रेषा भरली, तर काही वर्षांनी पुढे केसांचं बेट आणि मागे मैदान उरतं.

आता फोटो. ‘माझ्यासारखी कातडी, माझ्यासारखे केस असलेल्या लोकांचे, वर्ष झालेले फोटो दाखवा’ असं स्पष्ट म्हणा. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात आणि खरा निकाल बाराव्या महिन्याच्या आसपास दिसतो. भोवऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून सहा महिन्यांच्या फोटोवर निकाल देऊ नका. केस मागे वळवून कपाळाची कडा जवळून दाखवा म्हणा. पहिल्या रांगांत एकेरी केसांचेच ग्राफ्ट हवेत, रेषा थोडी वाकडीतिकडी हवी आणि केस पुढे झुकलेले हवेत. डोक्याची मागची बाजूही पाहा. बारीक कापलेल्या केसांत पांढरे ठिपके दाट दिसले तर पंच (ग्राफ्ट काढायचं गोल पातं) मोठा होता, नाहीतर एकाच भागातून फार ग्राफ्ट उपसले.

मग विचारा: पंच किती मिलिमीटरचा? साधारण 0.8 ते 1.0 हे उत्तर ठीक. काढताना किती ग्राफ्ट कापले जातात आणि ते मोजता का? मोजणारा सर्जन शेकडा पाचच्या वर जाऊ देत नाही. केस कुरळे असतील तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण कातडीखाली मूळही वळलेलं असतं आणि सरळ घातलेला पंच ते कापून टाकतो. दाढीचे केस वापरणार असाल तर हनुवटीखाली राहणाऱ्या खुणांबद्दलही विचारा. सगळ्यात मोठा प्रश्न: भूल, ग्राफ्ट काढणं आणि ते बसवायला छेद घेणं तुम्ही स्वतः करणार की टेक्निशियन? उत्तर लेखी संमतीपत्रात येऊ द्या.

डोक्याच्या मागून कातडीची पट्टी काढायची पद्धत, म्हणजे एफयूटी, आणि एकेक ग्राफ्ट काढायची एफयूई, यात आपल्याकडे एक गोष्ट बाहेरचा डॉक्टर विचारणारच नाही. घरात कुणी गेलं तर मुंडन करावं लागतं, काही जण तिरुपतीला केस देतात. एफयूटीचा आडवा व्रण तेव्हा उघडा पडतो. एफयूईचे ठिपके तुलनेने कमी दिसतात, पण तेही पूर्ण जात नाहीत. हे आधीच बोलून घ्या.

आकड्यांत फसू नका. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस असतात, त्यामुळे ‘3000 केस’ आणि ‘3000 ग्राफ्ट’ यांत दुपटीचा फरक पडतो. कोटेशन ग्राफ्टमध्येच घ्या. त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय का विचारा; जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरचे उपचार सोडले तर हेअर ट्रान्सप्लांटला आरोग्यसेवेची करमाफी नाही. एका बैठकीत 2000-2500 ग्राफ्ट हे धीराचं काम आहे. चार-पाच हजारांचं पॅकेज एका दिवसात उरकतो म्हणणाऱ्याला भुलीच्या औषधाची कमाल मात्रा विचारा. वजनानुसार ती ठरलेली असते आणि ओलांडली तर जिवावर बेतते. रक्तातली साखर, रक्त गोठण्याची तपासणी, एचआयव्ही आणि कावीळ बी-सीच्या चाचण्या, गरजेप्रमाणे ईसीजी हे सगळं आधी मागितलं गेलं पाहिजे. ऑक्सिजन आणि तातडीची औषधं त्याच खोलीत हवीत.

पुढचं वेळापत्रकही सर्जननेच विचारायला हवं. तंबाखू, गुटखा, सिगारेट आधी आणि नंतर किमान दोन-दोन आठवडे बंद, कारण निकोटिनने रक्तपुरवठा आवळतो. सांगलीकडे तालमीत जाणाऱ्यांनी लाल मातीत उतरण्याआधी किमान महिनाभर थांबावं. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात किंवा साइटवर राबणाऱ्यांनी तारीख पुढे न्यावी. कोवळ्या व्रणावर ऊन पडलं की डाग काळा राहतो. पुण्यात करून घेत असाल तर रात्र तिथेच काढा, पहिली धुलाई दवाखान्यातच करून घ्या आणि महामार्गावर हेल्मेट घालून दुचाकीने परत येऊ नका. पहिले दहा दिवस ग्राफ्टला दाब किंवा घासणी चालत नाही. घरी पोचल्यावर सूज डोळ्यांपर्यंत उतरली तर फोन कुणी उचलायचा, तो नंबर निघण्याआधी घ्या.