रताळ्याला खत किती आणि कधी? पहिल्यांदा लागवड करणाऱ्यांसाठी

करमाळा-माढा भागात रताळं लावायचं म्हणजे आधी पंचांग बघायचं. आषाढी, नवरात्र आणि महाशिवरात्र या तीन उपवासांना बाजार उठतो. पीक साधारण साडेतीन ते चार महिन्यांचं, म्हणून तारीख मागे मोजत बेणं लावायचं. कृषी पदविका झाल्यावर घरच्या रानात मी हेच पीक धरलं. नव्यानं लावणारे मला सगळ्यात आधी खताचं विचारतात, म्हणून त्यावरच लिहितो.

वेल बघून पिकाची पारख करू नका. बांधावरून रान हिरवंगार दिसलं की शेजारी कौतुक करतो, पण नत्र (नायट्रोजन, युरियात असतं ते) जास्त झालं की वेल माजतो आणि खाली बोटाएवढ्या मुळ्या राहतात. पानात तयार झालेली साखर खाली कंदात नेण्याचं काम पालाशाचं, म्हणजे पोटॅशचं. म्हणून रताळ्याला पालाश नत्राच्या बरोबरीनं लागतं. आपल्याकडे मात्र उसाच्या सवयीनं हात युरियाकडेच जातो.

केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ७५:५०:७५ किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश अशी आहे. एकरी हिशेब धरला तर, ५० किलोच्या पोत्यानं, सिंगल सुपर फॉस्फेट अडीच पोती, म्युरेट ऑफ पोटॅश एक पोतं आणि युरिया सुमारे ६५ किलो. स्फुरद, पालाश आणि निम्मा युरिया लागवडीला. उरलेला युरिया चार-पाच आठवड्यांनी, खुरपणी करून भर लावताना. त्यानंतर युरियाला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. केरळची माती आम्लधर्मी, आपली काळी, चुनखडीची, सामू (pH) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. काळ्या रानात पालाश मुळात बऱ्यापैकी असतं, स्फुरद मात्र चुन्यात अडकतं. त्यामुळे माती परीक्षणाशिवाय मात्रा ठरवणं मला पटत नाही. नमुना बांधाजवळून किंवा उकिरड्याच्या जागेवरून घेऊ नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडलेलं असतं. तिथे युरिया टाकून उपयोग नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, एकरी चार टनांपर्यंत. भारी रानात वरंबा उंच ठेवा. माती घट्ट असली तर खत कितीही दिलं तरी कंद वाकडा होतो. महिन्याभरानं वेल उचलून फिरवायला विसरू नका, नाहीतर पेरापेराला मुळं धरतात आणि ताकद वाटली जाते. वरंब्याला भेगा पडल्या तर लगेच मातीनं बुजवा, कंद पोखरणारा सोंड्या भुंगा तिथूनच कंदापर्यंत पोचतो.

आणखी एक काम पहिल्याच वर्षी करा. दोन सऱ्यांना रासायनिक खत अजिबात देऊ नका, दोन सऱ्यांना ठरलेली मात्रा द्या आणि बाकी रानासारखंच पाणी पाजा. काढणीला दोन्हींचा माल वेगवेगळा काट्यावर घ्या. वजनासोबत विकण्याजोगे कंद किती आणि बारीक किती, हेही निवडून लिहा, कारण बाजारात भाव आकाराला मिळतो. जास्तीच्या मालाचे पैसे खताच्या बिलापेक्षा किती वर निघाले, ते वहीत मांडा आणि पुढच्या लागवडीची मात्रा त्या वहीवरून ठरवा.