नाटकानंतर कलाकारांना भेटायला आत जाताना

सांगलीचं भावे नाट्यमंदिर असो, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह असो की मिरजेचं बालगंधर्व, प्रयोगानंतर रंगपटात, म्हणजे रंगमंचामागच्या मेकअपच्या खोल्यांकडे, जाऊन कलाकारांना भेटायची इथली जुनी रीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, तिथं प्रेक्षक आत आला याचं कुणाला नवल वाटत नाही. पण भेट नीट होते की नुसती रेटारेटी होते, हे एकाच गोष्टीवर ठरतं. पडदा पडल्यानंतरचा तास हा आतल्या माणसांच्या कामाचा तास असतो. त्या कामात आपली भेट कुठं बसते ते आधी पाहायचं.

सुरुवात तिकीट काढतानाच करा. प्लॅनवर, म्हणजे तिकीट खिडकीत, बसलेल्या माणसाला दोन गोष्टी विचारा: त्याच दिवशी दुसरा प्रयोग आहे का, आणि मंडळी मुक्कामाला आहेत की लगेच निघणार. दौऱ्यावरचं नाटक आज सांगलीत, तर उद्या कोल्हापुरात नाहीतर सोलापुरात असतं. मंडळी मुक्कामाला असतील तर उत्तम, पंधरा-वीस मिनिटं सहज मिळतात. त्याच नाट्यगृहात रात्री दुसरा प्रयोग असेल तर सेट हलत नाही, आत शांतता असते, पण कलाकारांना जेवायचं आणि पडायचं असतं. तेव्हा नमस्कार, एक वाक्य, एक फोटो आणि बाहेर. दुपारचा प्रयोग आटपून संध्याकाळी दुसऱ्या गावात उभं राहायचं असेल, तर त्या दिवशी भेटीचा नाद सोडा.

साडेनऊचा प्रयोग संपायला बारा वाजतात आणि भेट धरली तर साडेबारा. तासगाव, विटा, जयसिंगपूरकडून येणाऱ्यांनी परतीची सोय आधीच करावी, एसटीच्या भरवशावर राहू नये. दुचाकी मागच्या दाराशी लावू नका. त्याच दाराला नाटकाची गाडी लागते आणि सामान भरायच्या वेळी मालकाचा शोध सुरू होतो.

आत जायची वाट मध्यंतरात हेरून ठेवा. चहाची किटली आणि वड्यांचं ताट घेऊन कॅन्टीनचा पोऱ्या ज्या दारातून आत जातो, तेच दार. मध्यंतरात स्वतः मात्र आत जाऊ नका, अगदी ओळखीचा नट असला तरी. त्या पंधरा मिनिटांत कपडे बदलायचे असतात, मेकअप सावरायचा असतो, आणि पुढच्या अंकाचा सूर मनात धरून ठेवायचा असतो. तिथं कुणी मालिकेचा विषय काढला की तो सूर सुटतो आणि तिसऱ्या घंटेनंतर त्याची किंमत सगळं सभागृह मोजतं.

पडदा पडला की पहिली दहा मिनिटं खुर्चीतच बसा. त्या दहा मिनिटांत आत काय चालतं ते कळलं की घाई का करायची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. बॅकस्टेजची मुलं फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती सोडवतात, त्यांना टेकू देणारे ब्रेस काढतात, लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे उलटे करून दाराकडे नेतात. वरचे स्पॉट, म्हणजे दिवे, उतरत असतात आणि त्यांची पत्र्याची भांडी अजून चटका बसेल इतकी तापलेली असतात. केबल गुंडाळली जात असते, खिळे आणि बिजागऱ्यांच्या पिना जमिनीवर पडलेल्या असतात. अशात रंगमंचावरून आडवं जाणं धोक्याचं. शिवाय नाटकवाले रंगमंचाला पाया पडून वर चढतात, चपला घालून तिथं फिरलेलं त्यांना आवडत नाही; आणि अनवाणी गेलात तर खिळा लागेल. म्हणून रंगमंच टाळून बाजूच्या बोळातूनच जायचं.

दारात कुणीतरी उभं असतं. तो रखवालदार असेल, नाहीतर नाटकाचा व्यवस्थापक, ज्याचं नाव जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून येतं. त्याला आधी आपलं नाव, मग गाव, मग कुणाला भेटायचंय ते सांगा. “आम्ही तासगावहून आलोय, सगळ्यांना दोन मिनिटं भेटायचं होतं, कधी आत येऊ?” असं विचारलं तर नकार क्वचितच येतो. “आम्ही अमक्यांचे पाहुणे” म्हणून रेटलं की दार बंद होतं, आणि मागच्या दहा जणांसाठीही बंद होतं.

मेकअप रूमच्या बाहेर थांबा. स्त्री कलाकारांच्या खोलीचं दार आपण वाजवायचं नाही, आतल्याच कुणाला तरी निरोप द्यायला सांगायचं. चेहऱ्यावरचा पॅनकेक, म्हणजे रंगाचा जाड थर, तेल लावून, पुसून, धुऊन काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ऐतिहासिक नाटकात दाढीमिशा स्पिरिट गम या डिंकानं चिकटवलेल्या असतात, त्या ओढून काढता येत नाहीत, त्वचा सोलवटते. तिथं आणखी वेळ धरा. अर्धी मिशी निघालेल्या किंवा विग उतरवलेल्या नटाचा फोटो काढणं फार वाईट. वेशभूषेतलाच फोटो हवा असेल तर व्यवस्थापकाला आधीच, म्हणजे मध्यंतरात बाहेर दिसतो तेव्हा, सांगून ठेवा. कपडेपट सांभाळणारा माणूस कपडे मोजून पेटीत भरायच्या तयारीत असतो. एकदा पेटी बंद झाली की ती तुमच्यासाठी उघडत नाही.

आता बोलायचं काय? ‘मस्त झालं’, ‘खूप आवडलं’ हे कलाकार रोज ऐकतात. एकच जागा धरा आणि नेमकं सांगा: “दुसऱ्या अंकात तुम्ही ते पत्र न वाचताच घडी घालून खिशात ठेवलंत, तिथं आमच्या रांगेत कुणी हललं नाही.” अशा वाक्यावर नट थांबतो, खुर्ची पुढं ओढतो आणि मग स्वतःहून बोलतो. भूमिकेच्या किंवा मालिकेतल्या नावानं हाक मारू नका. सर, ताई, काका, जे वयाला शोभेल ते. मालिकेत पुढं काय होणार हे विचारू नका. शेवटचं रहस्य बोळात मोठ्यानं बोलू नका, उद्याच्या प्रयोगाची तिकिटं काढलेली माणसंही तिथं असतात. मागच्या रांगेत आवाज पोचला नसेल तर ते नटाला नव्हे, व्यवस्थापकाला सांगा. पुढच्या गावी माइकची जागा तोच बदलून घेऊ शकतो. संगीत नाटक असेल तर “दोन ओळी म्हणा ना” हा आग्रह अजिबात नको, तीन तासांच्या गाण्यानं घसा थकलेला असतो. त्यापेक्षा ऑर्गन आणि तबल्यावरच्या साथीदारांपाशी जा. त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही आणि बंदिशीतल्या बारकाव्यांवर ते भरभरून बोलतात.

सहीसाठी वही उघडून, पान काढून, पेनाचं टोपण काढून पुढं करा. गुळगुळीत माहितीपत्रकावर जेल पेनाची शाई पसरते, तिथं मार्कर लागतो. फोटो एकच, आणि सगळ्यांचा मिळून. आपल्यापैकी एकानंच काढावा, कॅमेरा आधीच उघडलेला, फ्लॅश बंद. बोळातला दिवा चेहऱ्यावर येईल असं उभं राहा, दिवा पाठीशी घेतलात तर फोटोत नुसत्या काळ्या सावल्या येतात. विचारल्याशिवाय खांद्यावर हात नको.

काही द्यायचं असेल तर हार-बुके नको, रात्रीच्या प्रवासात ते गाडीतच कोमेजतात. सीलबंद भडंगाची दोन मोठी पाकिटं द्या, साताऱ्याकडून येत असाल तर पाव किलो कंदी पेढे. पेढा खमंग भाजलेला असल्यानं प्रवासात टिकतो. घरचं उघडं खाणं नको. दौऱ्यावर कुणाचं पोट बिघडलं तर पुढचे सगळे प्रयोग अडचणीत येतात. आणि ती पिशवी नायकाच्या हातात देण्याऐवजी व्यवस्थापकाकडे द्या, म्हणजे सेट उचलणाऱ्या मुलांपर्यंत पोचते. सगळ्यांत उशिरा जेवतात ती हीच मुलं.

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, सांगलीत ज्येष्ठ रंगकर्मींना दिल्या जाणाऱ्या भावे गौरव पदकाचा समारंभ असतो. त्या दिवशी गर्दी आणि निमंत्रित इतके असतात की निवांत भेटीची अपेक्षा ठेवू नका.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत मात्र जरूर थांबा. हौशी कलाकार आपल्याच गल्लीतले, बँकेतले, शाळेतले. ते मेकअपसकट बाहेर येऊन लोकांची वाट बघत उभे असतात, आणि व्यावसायिक नटापेक्षा नेमक्या शब्दाची गरज त्यांना जास्त असते. फक्त परीक्षक जवळ असतील तर मोठ्यानं निकाल लावू नका आणि त्यांच्याशी त्या संघाबद्दल बोलायला जाऊ नका.

गाडी निघायच्या बेतात असेल आणि भेट झालीच नाही, तर तिकिटाच्या मागं दोन ओळी लिहा: नाव, गाव आणि आवडलेली जागा. चिठ्ठी व्यवस्थापकाच्या हातात द्या. गाडी गावाबाहेर पडली की तो ती मोठ्यानं वाचून दाखवतो.