उंदीर बरा झाला अशी बातमी आली तर ती कशी वाचायची

"ड्युशेनवर औषध सापडलं" असा मेसेज आला की आमच्या घरी आई आधी देवापुढे साखर ठेवते. ड्युशेन म्हणजे जीनमधल्या बिघाडानं मुलांचे स्नायू हळूहळू झिजत जाणारा आजार. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर मग मांडीवर हात टेकत टेकत उभा होतो, त्यामुळे असा मेसेज आमच्याच्यानं सोडवत नाही. नागपुरात मेडिकलच्या ओपीडीत फाइल घेऊन बसणाऱ्या बऱ्याच घरांचं हेच असेल, म्हणून मी काय पाहतो ते सांगतो.

आधी प्रयोग कोणावर झाला ते शोधा. बहुतेक वेळा एमडीएक्स उंदीर निघतो, म्हणजे या आजाराच्या प्रयोगांसाठी वापरतात ती उंदराची जात. 1984 मध्ये त्याची माहिती छापून आली. त्याच्या डिस्ट्रॉफिन जीनच्या 23 व्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे जीनचा एक तुकडा) बिघाड आहे, म्हणून आपल्या पोरांसारखंच त्याचंही डिस्ट्रॉफिन हे स्नायू शाबूत ठेवणारं प्रोटीन बनत नाही. पण बापा, तो उंदीर चालतो, पळतो, दोन वर्षांच्या आसपास जगतो, कारण त्याचे स्नायू तुटले तरी लवकर भरून येतात आणि युट्रोफिन नावाचं दुसरं प्रोटीन बरंचसं काम सांभाळून घेतं. आपली पोरं औषधाशिवाय साधारण बाराव्या वर्षापर्यंत व्हीलचेअरवर येतात. म्हणून नुसती पायाची ताकद वाढली असं लिहिलं असेल तर मी थांबतो, श्वासाचा पडदा आणि हृदय तपासलं का ते पाहतो, कारण या उंदरात सगळ्यात जास्त खराब तो पडदाच होतो.

असाच आजार असलेल्या गोल्डन रिट्रीवर कुत्र्यांवरचा प्रयोग असेल तर जास्त लक्ष देऊन वाचा, त्यांचा आजार मुलांच्या बराच जवळ जातो.

वजनाचाही हिशोब करा, उंदीर 25-30 ग्रॅमचा, आपलं पोरगं 25 किलोचं, म्हणजे उंदराला पुरलेलं औषध पोराला कितीतरी जास्त लागेल.

आणि एझुट्रोमिड लक्षात ठेवा. युट्रोफिन वाढवणारं औषध, उंदरांत छान चाललं, मुलांवरच्या चाचणीत 2018 मध्ये उपयोग दिसला नाही म्हणून बंद पडलं. तेव्हा आम्ही खूप आस लावून होतो.

आता डॉक्टरांकडे जाताना जेनेटिक रिपोर्ट सोबत नेतो अन् विचारतो, हे औषध आमच्या पोराच्या एक्सॉनला लागू आहे का, माणसांवर चाचणी कुठवर आली? तोवर मेसेज वाचून, डॉक्टरांनी या आजारासाठी चालू ठेवलेलं स्टेरॉइड आपल्या मनानं बंद करू नका, ते एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.